रसम उकळायचं कधी आणि थांबायचं कधी

पाऊस लागला, घरात कुणीतरी शिंकायला लागलं की हल्ली काढ्याच्या जोडीला रसमची आठवण निघते, आणि मोबाइल उघडला की व्हिडिओ हजर, टोमॅटो चिरा, चिंच टाका, मसाला टाका, पंधरा मिनिटं खळखळ उकळा, प्या. लोक मनापासून करून बघतात. मग जे होतं ते अनेकांच्या ओळखीचं आहे, कधी पातळ सांबार होतं, कधी टोमॅटोचं सूप होतं ज्यात मिरी नुसती घशाला लागते, कधी आंबटढाण पाणी. हॉटेलात वाटी संपली की "अजून थोडं द्या ना" म्हणून मागून घेतो ती चव काही येत नाही आणि माणूस म्हणतो जाऊ दे, त्या लोकांच्या हातालाच ती चव आहे.

हे ऐकलं की मला वाईट वाटतं, कारण रसमइतका साधा पदार्थ शोधून सापडायचा नाही. मूठभर डाळ, आवळ्याएवढी चिंच, दोन टोमॅटो, चमचाभर मिरी-जिरं, बाकी सगळं पाणी. न जमण्यासारखं त्यात काही नाही. फक्त एक गोष्ट घाईघाईच्या व्हिडिओत सांगायची राहून जाते ती इथे कारणासकट सांगतो: रसम दोनदा शिजतं. पहिल्या वेळी चांगलं उकळायचं, दुसऱ्या वेळी उकळी यायच्या आत गॅस बंद करायचा. एवढं कळलं की बाकीचं सगळं आपोआप जागेवर बसतं.

मी हे शिकलो चेंबूरला, समोरच्या दारातल्या मामींकडून. अख्खी बिल्डिंग त्यांना मामीच म्हणायची, तमिळमध्येही मामीच म्हणतात त्यामुळे कुणाला वेगळं काही लक्षात ठेवावं लागलं नाही. आईला एकदा तापानंतर तोंडाला चव नव्हती, आठवडाभर धड जेवली नव्हती, मामींनी स्टीलच्या डब्यातून रसम आणि मऊ भात पाठवला आणि आईने तो सगळा खाल्ला. मी दुसऱ्या दिवशी रिकामा डबा परत द्यायला गेलो तो त्यांच्या ओट्याशीच उभा राहिलो.

आधी हे आहे काय

रसम म्हणजे रसच. तमिळनाडूत आणि केरळात रसम म्हणतात, कर्नाटकात सारु, आंध्र-तेलंगणात चारु. आपल्याकडे टोमॅटोचं सार, आमसुलाचं सार असतं, तेव्हा कन्नड सारु ऐकून आपल्याला परकं वाटायला नको. पुरणपोळीच्या दिवशी डाळीचं वरचं पाणी काढून आपण कटाची आमटी करतो ना, त्यात जी कल्पना आहे, की डाळीचा गर बाजूला ठेवून तिचं पाणी प्यायचं, तीच इथे आहे. कुळथाचं कळण खाणाऱ्या घरांना तर कोल्लु रसम, म्हणजे कुळथाचंच रसम, पहिल्या घोटाला ओळखीचं वाटेल.

इंग्रजी मेनूकार्डावर त्याला सूप म्हणतात त्यामुळे ते जेवणाआधी प्यायचं असा समज होतो. प्यायला हरकत काहीच नाही, पण तमिळ पानात त्याची जागा मधली आहे, आधी सांबार-भात, मग रसम-भात, शेवटी ताक किंवा दही-भात. जड, मग हलकं, मग थंड. उडुपीकडे आधी सारु आणि मग हुळि, म्हणजे त्यांचं सांबार, अशी उलटी पद्धत आहे. दोन्हीकडे ते भातावर घ्यायचंच असतं आणि भात कालवून झाला की पानात ओघळ जाईल इतकं पातळ असतं.

आणि तिखट म्हणाल तर मूळ तिखट मिरीचं आहे. मिरीचा वेल मलबारचा, आपल्या सह्याद्रीच्याच दक्षिण टोकाचा. मिरची मुळात अमेरिकेतली, ती पोर्तुगीजांबरोबर आली, म्हणजे वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला उतरला त्याच्यानंतर. टोमॅटोही अमेरिकेचाच आणि तो तर मिरचीच्याही बऱ्याच नंतर आपल्या स्वयंपाकात रुळला. हे भाषेत अजून दिसतं बघा, तमिळमध्ये मिरीला मिळगु म्हणतात आणि मिरचीला मिळगाय, म्हणजे मिरीसारखं तिखट असलेलं फळ. कन्नडमध्ये मेणसु आणि मेणसिनकायि. आणि आपल्याकडे मिरी आणि मिरची! तिन्ही भाषांत जुन्या तिखटावरून नव्या तिखटाचं नाव पडलंय. मद्रासच्या इंग्रजांना हेच मिळगु तण्णि, म्हणजे मिरीचं पाणी, इतकं आवडलं की त्यात मटण वगैरे घालून त्यांनी त्याचं मलिगटॉनी सूप केलं. क्लबच्या मेनूत अजून मिळतं ते. त्याचं मूळ हे.

एका पातेल्यात दोन उलट्या स्वभावाचे पाहुणे

आता मुख्य भाग. रसममध्ये दोन प्रकारच्या गोष्टी असतात आणि त्यांना आचेचं वागणं अगदी उलटं लागतं.

एक चिंच. चिंचेच्या कोळाला एक कच्चा, झाडासारखा वास असतो, तो उकळल्याशिवाय जात नाही. पण तिचा आंबटपणा हा ज्या आम्लामुळे असतो (टार्टारिक आम्ल, नाव एकदाच सांगतो) ते वाफेबरोबर उडून जात नाही, कितीही उकळा ते पातेल्यातच राहतं, उलट पाणी आटलं की जास्तच जाणवतं.

दुसरी बाजू वासाच्या मंडळींची, मिरी, जिरं, धणे, हिंग, कढीपत्ता, कोथिंबीर. यांच्यात जो सुगंध असतो तो उडनशील असतो, उडनशील म्हणजे अत्तरासारखा, थोडी ऊब मिळाली की हवेत निघून जाणारा. स्वयंपाकघरात रसम उकळतंय आणि घरभर घमघमाट सुटलाय, आपण खूश. पण तो घमघमाट आला कुठून? पातेल्यातून निघाला म्हणूनच तो हॉलपर्यंत पोचला. जितका जास्त वेळ घर घमघमेल तितकं वाटीत कमी उरेल.

आता या दोन गोष्टी एकत्र ठेवा. सगळं एकदम टाकून पंधरा मिनिटं खळखळ उकळलं तर वास उडून जातो आणि आंबटपणा आटून वाढतो. बारीक कुटलेल्या मिरीचा सुगंध गेला की मागे नुसता झणका आणि कडवटपणा उरतो. म्हणजे जे बिघडलेलं रसम आपण सगळ्यांनी प्यायलंय, आंबट, कडू, बिनवासाचं, ते नेमकं असंच तयार होतं, यात मसाला कमी पडला असं काही नसतं, त्यामुळे पुढच्या वेळी मसाला दुप्पट घालून ते सुधारत नाही, फक्त जास्त कडू होतं.

चहाचं उदाहरण घ्या. आलं आपण पाण्यात आधी टाकून चांगलं उकळतो आणि वेलची कुटून शेवटी टाकून झाकण ठेवतो. कुणी शिकवलेलं नसतं पण हात तसाच जातो. रसमला फक्त तेच लावायचं, चिंच हे आलं आणि मिरी-जिरं ही वेलची.

फेस आला की थांबायचं, पण फेस म्हणजे नक्की काय

मामींच्या ओट्याशी मी जे पाहिलं ते सांगतो. चिंच-टोमॅटो उकळून झालं होतं, त्यात कुटलेला मसाला गेला, मग त्यांनी घोटलेल्या डाळीचं पिवळं पाणी ओतलं. पातेलं एकदम शांत झालं, आवाजच बंद. गॅस बारीक-मध्यम. त्या हलल्या नाहीत, बोलणं चालू पण नजर पातेल्यावर. दोन-तीन मिनिटांनी कडेकडेने फिकट पिवळी, अगदी बारीक बुडबुड्यांची कड आली, साबणाच्या फेसासारखी मोठ्या बुडबुड्यांची नाही, ताकावर घुसळताना येते तशी बारीक. ती कड हळूहळू आत सरकायला लागली, मध्ये तळहाताएवढी लाल जागा उरली, मग ती पण झाकली गेली आणि सगळा फेस एकत्र वर उचलायला लागला, दूध उतू जायच्या आधी साय फुगते ना तसा. गॅस बंद. कोथिंबीर वरून, झाकण. "कोदिक्क विडक्कूडादु," म्हणाल्या, आणि मग मराठीत, "उकळी नाही येऊ द्यायची हां, उकळलं की गेलं."

या फेसाला तमिळमध्ये नुरै म्हणतात आणि तो येतो डाळीतल्या प्रथिनांमुळे. डाळ उघड्या पातेल्यात शिजवताना वर जो पांढरट फेस जमतो, किंवा कुकरमध्ये पाणी जास्त झालं की शिट्टीतून जो पिवळा फवारा ओट्यावर उडतो, तोच हा. हवेच्या, वाफेच्या बारीक बुडबुड्यांभोवती डाळीचा पातळ पापुद्रा धरतो आणि ते लगेच फुटत नाहीत. सगळा फेस वर उचलला जाणं म्हणजे खालचं पाणी उकळीच्या अगदी उंबरठ्यावर आलंय. थर्मामीटर नको, घड्याळ नको. उकळी फुटली की तोच फेस फाटतो आणि खळखळ सुरू होते. दूध राखायची सवय आपल्या प्रत्येक घरात आहे, तीच नजर इथे लावायची.

आता करू या, चार माणसांचं

पाव वाटी तूरडाळ हळद घालून कुकरला मऊ शिजवा, चार-पाच शिट्ट्या, आणि गरम असतानाच रवीने घोटून त्यात दीड-दोन वाट्या पाणी घाला. एकदम ताकासारखं पातळ हवं. डाळ आधी वेगळी शिजवायचं कारण आमटी करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे, आंबटात डाळ शिजत नाही.

चिंच आवळ्याएवढी. तमिळ घरांत मापच तसं सांगतात, नेल्लिकायएवढी, म्हणजे आवळ्याएवढी, आणि दुसरं मोठं माप लिंबाएवढी. ही कोमट पाण्यात पंधरा मिनिटं भिजवून कोळून गाळून घ्या, दीड-दोन वाट्या पाणी होऊ दे. टोमॅटो फारच आंबट असतील तर चिंच निम्मी करा.

मसाला ताजा कुटा, हे मी हात जोडून सांगतो, बाकी काही नाही केलं तरी एवढं करा. एक चमचा मिरी, एक चमचा जिरं, दोन चमचे धणे, एक चमचा कच्ची तूरडाळ, एक-दोन सुक्या लाल मिरच्या. डाळ, धणे आणि मिरच्या कोरड्या कढईत मंद भाजा, डाळ जरा बदामी झाली की मिरी-जिरं टाकून अर्धं मिनिट, नुसतं गरम होऊ दे, आणि गॅस बंद. थंड झालं की खलबत्त्यात किंवा मिक्सरमध्ये रव्याइतकं भरड. पिठासारखं बारीक केलं तर रसम गढूळ होतं आणि वासही लवकर उडतो. यातला दोन चमचे मसाला एका वेळेला पुरतो. उरलेला घट्ट झाकणाच्या बाटलीत, आठवड्याभरात संपवा.

पातेल्यात चिंचेचं पाणी, दोन पिकलेले टोमॅटो हातानेच कुस्करून, मीठ, चिमूटभर हिंग, कढीपत्त्याची एक काडी. हे नीट उकळू द्या, आठ-दहा मिनिटं. किती वेळ हे घड्याळावर न ठेवता नाकावर ठेवा, सुरुवातीला वाफेला जो कच्चा तुरट वास येतो तो बंद झाला पाहिजे. ही झाली पहिली शिजवणी. इथे आटलं तर पाणी घाला, चालतं.

मग दोन चमचे मसाला आणि हवा असेल तर चार लसूण पाकळ्या ठेचून, एकच मिनिट. मग डाळीचं पाणी, गॅस कमी, आणि आता हलायचं नाही. फेस वर उचलला, गॅस बंद, कोथिंबीर देठासकट चिरून, झाकण.

फोडणी वेगळ्या कढल्यात, चमचाभर साजूक तूप, मोहरी तडतडली की थोडं जिरं, कढीपत्ता, एक लाल मिरची. ही वरून ओतून झाकण परत पटकन ठेवा आणि दहा मिनिटं विसरून जा. झाकणाला वाफ लागते, थेंब होऊन परत खाली पडते, वास आतल्या आतच राहतो. गुळाचा खडा? उडुपीकडे घालतात, तमिळ घरांत बहुतेक नाही. मी अगदी बोराएवढा घालतो कारण आमच्या जिभेला त्याची सवय आहे.

म्हणजे पातळ सांबारच ना?

नाही, आणि हा गैरसमज सगळ्यात जास्त रसम बिघडवतो. सांबारात शिजलेली डाळ अख्खी जाते, भाज्या असतात, मसाल्यात मेथी आणि हरभरा डाळ असते, आणि ते उकळून एकजीव व्हायला लागतं. म्हणजे सांबाराला वेळ हवा. रसमला डाळ फक्त पाण्याला थोडं अंग यावं आणि फेस यावा म्हणून. सांबार मसाला घालून रसम केलं तर दाट होतं, मेथीचा कडवटपणा येतो, आणि ते पातळ करायला पाणी घातलं की दोन्हीपैकी काहीच राहत नाही. दोन डबे वेगळे ठेवा.

डाळ अजिबात नको असेल तर तसंही रसम होतं, नुसत्या चिंचेचं, मिरी-जिऱ्याचं, लसणाचं. त्याला फेस कमी येतो, तेव्हा कडेला बारीक बुडबुडे आणि दाट वाफ दिसली की थांबायचं. लिंबाचं रसम करताना तर लिंबू गॅस बंद केल्यावरच पिळायचं, उकळलं की कडू होतं, हे पोह्यांवर लिंबू पिळणाऱ्यांना सांगायला नको. म्हैसूर रसममध्ये धणे आणि हरभरा डाळीबरोबर खोबरं भाजून घालतात, लग्नाच्या पंगतीत अननसाचं असतं, तमिळ नववर्षाला एप्रिलमध्ये कडुलिंबाच्या सुकवलेल्या फुलांचं. आपण पाडव्याला कडुलिंब खातो, तिकडे तो रसममध्ये येतो. या सगळ्यांत नियम तोच, आंबट आधी उकळा, वास शेवटी.

हॉटेलात तर ते तासन् तास गरम असतं, मग?

हा प्रश्न मलाही पडला होता. गरम ठेवणं आणि उकळणं यात फरक आहे. मोठ्या भांड्यात झाकून, मंद आचेवर किंवा गरम पाण्यात ठेवलेलं रसम उकळत नसतं. आणि जिथे ते दुपारी तीनला चांगलं लागतं तिथे बहुतेक वेळा मध्येच ताजी फोडणी पडलेली असते. जिथे खरंच उकळत ठेवलेलं असतं तिथे उशिरा गेलात तर ते आंबट आणि दाट लागतं, पुढच्या वेळी लक्ष देऊन बघा.

तयार मसाला वापरला तर काय बिघडतं

फार काही नाही, रोजच्या घाईत मीही वापरतो. पण मिरीची पूड होऊन जितके महिने गेले तितका तिचा वास गेला, तिखटपणा मात्र राहिलेला असतो. म्हणून तयार मसाल्याचं रसम तिखट लागतं पण वास येत नाही. उपाय सोपा आहे, तयार मसाला निम्मा घ्या आणि शेवटच्या मिनिटाला अर्धा चमचा मिरी-जिरं ताजं ठेचून टाका.

हिंगाबद्दल थोडं. हिंग हा एका झाडाच्या मुळातला चीक, आणि आपण वापरतो तो बहुतेक सगळा अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तानकडून येतो. भारतात लागवडीची सुरुवात ऑक्टोबर २०२० मध्ये हिमाचलच्या लाहौलमध्ये झाली, पालमपूरच्या सरकारी संशोधन संस्थेने ती केली. डबीतला हिंग शुद्ध नसतो, त्यात बहुधा गव्हाचं पीठ किंवा मैदा आणि डिंक असतो. ज्यांना गहू चालत नाही त्यांनी डबीवरचं वाचून घ्या, तांदळाच्या पिठातला हिंगही मिळतो.

रसम प्यायल्यावर नाक का वाहतं

आपल्या तोंडात, नाकात उष्णता ओळखणाऱ्या नसा असतात. त्यांच्या टोकाला एक प्रकारचं दार असतं, साधारण ४३ अंशांच्या वरचं काही लागलं की ते उघडतं आणि मेंदूला निरोप जातो, भाजतंय. गंमत अशी की मिरचीतलं तिखट द्रव्य हेच दार उघडतं, आणि मिरीतलंसुद्धा. म्हणून तिखट लागलं की आपण "आग झाली" म्हणतो, मेंदूच्या दृष्टीने ती खरोखर आगच असते. हे दार शोधून काढणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं, अर्डेम पॅटापुटियन यांच्याबरोबर विभागून, आणि त्यांनी ते दार शोधलं ते मिरचीतल्याच द्रव्याच्या मदतीने.

आता रसम बघा, एकाच घोटात मिरी, मिरची आणि खरीखुरी गरम वाफ. तिन्ही एकाच दारावर थाप मारतात. शरीर समजतं भाजतंय, ते पाणी सोडतं, नाक वाहतं, डोळे भरून येतात, कपाळाला घाम येतो. यातून स्वयंपाकाच्या दोन गोष्टी निघतात. एक, तिखट बघायचं तर चमच्यात घेऊन जरा निवल्यावर बघा, उकळत्या रसमची चव घेऊन तुम्ही नेहमी "खूप तिखट झालं" असंच म्हणाल. दोन, मिरीचं तिखट पाण्यात नीट विरघळत नाही, तुपात विरघळतं. त्यामुळे कडक हवं असेल तेव्हा ठेचलेली मिरी थोडी फोडणीच्या तुपात टाका, आणि लहान मुलांसाठी करताना मिरी फोडणीत घालू नका.

मग सर्दी बरी होते का

हे स्पष्ट सांगायला हवं कारण २०२० पासून रसमच्या नावावर बरंच काही खपवलं गेलंय. रसमने विषाणू मरत नाही. सर्दी तिच्या वेळेनेच जाते. पण चोंदलेलं नाक तासाभरासाठी मोकळं होतं, पोटात गरम पाणी आणि मीठ जातं, आणि तापात काही गिळवत नसतं तेव्हा आंबट-तिखट चवीमुळे चार घास भात जातो. आईचं तेच झालं होतं. ते मला पुरेसं वाटतं, त्याला इम्युनिटीचं लेबल लावायची गरज नाही. ताप उतरत नसेल तर डॉक्टरांकडे जा, रसम घरी आल्यावर प्या.

ॲसिडिटीचा त्रास असणाऱ्यांनी रिकाम्या पोटी पिऊ नये, चिंच-टोमॅटो-मिरी तिन्ही त्यांना त्रास देऊ शकतात, भाताबरोबर थोडं घ्या. बीपी असेल तर मिठावर लक्ष ठेवा, पातळ पदार्थात मीठ किती गेलं ते कळत नाही आणि आपण दोन-तीन वाट्या सहज पितो.

भांड्याचं काय

स्टीलचं पातेलं उत्तम. ॲल्युमिनियम, किंवा कल्हई उडालेलं पितळ-तांबं यात आंबट उकळू नका, धातू रसात उतरतो. जुन्या तमिळ घरांत रसमसाठी ईय चोंबु असतो, आपल्या चंबूसारख्याच आकाराचं पण जाड, मऊ, चांदीसारखं दिसणारं भांडं. ते कथलाचं असतं, कल्हई ज्याची करतात तेच कथील. त्यात केलेल्या रसमची चव वेगळी लागते असं सगळे सांगतात आणि मामींकडे प्यायल्यापासून मी पण सांगतो. पण कथील २३२ अंशांनाच वितळतं, म्हणून रिकामा चोंबु गॅसवर कधीच ठेवत नाहीत, आधी रस ओततात आणि मग गॅस लावतात, नाहीतर डोळ्यांदेखत बूड गळून पडतं. आणि विकत घेणार असाल तर फार जपून, कारण तमिळ बोलीत ईयम हा शब्द कथलाला आणि शिशाला दोन्हीला वापरतात, आणि स्वस्त भांड्यात शिशाची भेसळ असू शकते. शिसं आणि चिंच ही जोडी विषारी आहे. खात्रीचं मिळालं नाही तर स्टीलच बरं.

परदेशात करणाऱ्यांसाठी

तुमच्यापैकी अनेकांच्या घरी कॉइलची इलेक्ट्रिक शेगडी असते आणि ती बंद केली तरी पाच मिनिटं तापलेलीच राहते. फेस आला, बटण बंद केलं, वळून कोथिंबीर घेईपर्यंत उकळी आली, असं होतं. तिथे बटणावर विसंबू नका, पातेलंच उचलून बाजूला ठेवा. इंडक्शनला हा प्रश्न नाही. आणि बाटलीतला काळा घट्ट चिंचेचा अर्क हा आधीच आटवलेला असतो, त्याला कच्चा वास फारसा नसतो, त्यामुळे चार मिनिटं उकळलं तरी पुरतं, पण तो फार तीव्र असतो, चार माणसांना एक चहाचा चमचा, त्याहून जास्त नको.

उरलेलं दुसऱ्या दिवशी

लागेल तेवढंच काढून मंद आचेवर कडेला वाफ येईपर्यंत गरम करा, इथेही उकळी नको, आणि जमलं तर अर्धा चमचा तुपात मिरी-जिरं ठेचून नवी फोडणी द्या. फ्रीजमध्ये रसम ठेवलं की डाळ आणि मसाला खाली बसतो आणि वर निवळ लाल पाणी राहतं. पाहुण्यांना वरचं निवळ वाढतात, ग्लासातून प्यायला तेच चांगलं. तळाचा दाट गाळ मात्र कुणी टाकून देत नाही. मामींकडे पातेलं शेवटाला आलं की त्यांची दोन्ही मुलं ताटं घेऊन ओट्याशी उभी असायची, मामी त्या गाळात गरम भात आणि तूप घालून पातेल्यातच कालवायच्या आणि एकेक गोळा प्रत्येकाच्या ताटात, तिसरं ताट माझं.